वीज हाताला कळली पाहिजे: शिक्षकांच्या ऊर्जा कार्यशाळेत नेमकं काय होतं?

नागपुरात सध्या चार माणसं जमली की गप्पा विजेवर येतात. कुणाच्या ना कुणाच्या छतावर सोलरचा सांगाडा चढत असतो, स्मार्ट मीटर बसू द्यायचं की नाही यावरून सोसायटीच्या बैठकीत आवाज चढतात आणि मे-जूनचं बिल आलं की घरोघरी तोच प्रश्न, ‘एवढे युनिट पडलेच कसे?’ या गप्पा नीट ऐकल्या की एक गोष्ट खटकते. तीन किलोवॅट म्हणजे किती, युनिट म्हणजे काय, कूलर जास्त वीज खातो की इस्त्री, याचं उत्तर घरातल्या दहावी पास मुलालाही देता येत नाही. त्यानं धडा वाचलेला असतो, सूत्र पाठ असतं, गणितही सोडवलेलं असतं. भिंतीवरच्या मीटरशी त्या गणिताचा संबंध मात्र कुणी जोडून दिलेला नसतो.

हा संबंध जोडून देण्यासाठी ऊर्जेच्या प्रत्यक्ष प्रयोगांच्या कार्यशाळा घेतल्या जातात, आधी शिक्षकांसाठी आणि मग विद्यार्थ्यांसाठी. बाहेरून पाहणाऱ्याला तो हस्तकलेचा तास वाटू शकतो. तिथे काय चालतं आणि ते नागपूरसारख्या शहरात का हवं, ते पायरीपायरीनं पाहू.

## आधी दोनच शब्द

या लेखापुरते दोन शब्द पक्के केले की पुरे: वॅट आणि युनिट.

नळ किती जोरात वाहतोय ते म्हणजे वॅट आणि तासाभरानं टाकीत किती पाणी साचलं ते म्हणजे युनिट. धार बारीक असली तरी नळ रात्रभर उघडा राहिला तर टाकी भरते, मोठी धार दोन मिनिटं सोडली तर बादलीही भरत नाही. १००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट होतं. इस्त्री १००० वॅटची, पण दिवसातून दहा मिनिटं. छताचा जुना पंखा ७५ वॅटचा, पण उन्हाळ्यात वीस-वीस तास. दिवसाअखेरीस पंखा दीड युनिट खातो आणि इस्त्रीचं पाव युनिटही होत नाही. किलोवॅट म्हणजे हजार वॅट. छतावरच्या ‘तीन किलोवॅट’चा अर्थ इतकाच की भर उन्हात त्या पॅनलची धार जास्तीत जास्त तेवढी. दिवसभराचं पाणी किती साचलं, हा वेगळा प्रश्न. एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरतात, म्हणजे तीन किलोवॅटचे बाराच्या आसपास. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॅटपर्यंत कमाल ७८ हजार रुपये अनुदान मिळतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण बारा युनिटांत आपलं घर चालतं का, हे मोजून पाहणारे कमी.

## मूठ जड होते तेव्हा

आता कार्यशाळेकडे वळू. टेबलावर एक लाकडी फळी असते. तिच्यावर जुन्या टेपरेकॉर्डरमधून काढलेली छोटी मोटर, शेजारी हातानं फिरवायची मोठी चकती आणि दोघांना जोडणारा रबराचा पट्टा. मोटरच्या दोन वायरी मोकळ्या. चकती फिरवली की मोटर गरगर फिरते, हाताला काहीच जाणवत नाही. मग वायरींना एक एलईडी जोडतात. तो लागतो आणि मोटर वीज खाते इतकंच माहीत असलेल्या शिक्षकांना तीच मोटर वीज बनवतानाही दिसते. इथवर सगळे खूश असतात.

खरा धडा पुढच्या मिनिटाला सुरू होतो. एलईडी काढून टॉर्चचा जुना, तारेचा पिवळा बल्ब जोडतात. फिरवणाऱ्याला आधी कळतच नाही काय झालं. चकती तीच, पट्टा तोच, पण मूठ एकदम जड झाली. वायर सुटी केली की मूठ हलकी, जोडली की पुन्हा जड. फिरवणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी पट्टा तर अडकला नाही ना म्हणून वाकून बघतो. अडकलेलं काहीच नसतं. बल्बला जेवढी ऊर्जा हवी तेवढी दंडातून काढून घेतली जात असते. ‘ऊर्जा निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही’ हे वाक्य वर्गात शेकडो वेळा म्हटलेलं असतं. ते दंडाला कळलं की पुढच्या वर्षी वर्गात म्हणताना त्याचा सूर बदलतो.

मग हिशेब करायला सांगतात. वीस लिटरचा कॅन तळमजल्यावरून तीन मीटर उंच पहिल्या मजल्यावर नेला की साधारण ५९० ज्यूल (ज्यूल हे ऊर्जेचं छोटं माप) काम होतं. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार केला तर एका युनिटसाठी तो कॅन सहा हजारांहून जास्त वेळा वर न्यावा लागेल. धडधाकट माणसानं सायकल मारत १०० वॅट सलग दिले, तरी एक युनिट व्हायला दहा तास. तेच युनिट आपल्याला काही रुपयांत मिळतं. मुलं हा भागाकार स्वतः करतात तेव्हा ‘वीज वाचवा’ असं वेगळं सांगावं लागत नाही. माझ्या मते घोषणांची चित्रं रंगवून घेण्यापेक्षा हा एक भागाकार मोलाचा आहे.

## मुठीपासून कोराडीपर्यंत

नागपूरच्या मुलांचं एक भाग्य असं की ही मूठ फिरवणारा खरा राक्षसी हात त्यांना शहराच्या उत्तरेला क्षितिजावर दिसतो. कोराडीच्या देवीला जाताना दिसणाऱ्या चिमण्या आणि शीतकरण मनोरे सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. तिथल्या औष्णिक वीजकेंद्रात ६६० मेगावॅटचे (एक मेगावॅट म्हणजे दहा लाख वॅट) तीन मोठे संच आहेत आणि जवळच खापरखेड्याचं केंद्र आहे. आत चालतं ते टेबलावरच्या फळीवर चाललं तेच: काहीतरी फिरवायचं आणि त्यातून वीज काढायची. दंडाच्या जागी कोळशाच्या जाळानं तयार झालेली वाफ असते आणि टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं.

वीज तारांमध्ये साठून राहत नाही. जेवढी लागते तेवढी त्याच क्षणी बनवावी लागते. रात्री अकराला हजारो घरांत एसी सुरू झाले की कुठल्या ना कुठल्या टर्बाइनची मूठ जड होते, फेरे मंदावू नयेत म्हणून वाफ वाढवावी लागते आणि वाफेसाठी जास्त कोळसा. फळीवर मूठ जड झालेली अनुभवलेल्या मुलाला हे दोन वाक्यांत समजतं. एरवी तेच समजावताना अख्खा तास जातो.

एका युनिटमागे अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. त्यातली निम्म्याहून जास्त ऊर्जा धुराड्यातून आणि शीतकरणाच्या पाण्यातून उष्णता होऊन निघून जाते. आपल्याकडच्या कोळशात राखेचं प्रमाण मोठं, त्यामुळे युनिटमागे जवळजवळ पावशेर राख उरते. घरचं महिन्याचं बिल हातात घेऊन मुलांना कोळसा आणि राख किलोत काढायला सांगावं. २०० युनिटांचं उत्तर काढलेलं मूल राखेच्या तलावांबद्दलची बातमी वाचायला स्वतःहून थांबतं.

## नागपूरचं ऊन आणि एक मोठा गैरसमज

‘आपल्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो, म्हणजे सोलरची चांदीच!’ हे मी शिकल्यासवरल्या माणसांकडूनही ऐकलं आहे. सोलर पॅनल प्रकाशावर चालतं, त्याला उष्णता सोसत नाही. पॅनलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशामागे त्याची ताकद साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उतरते. मे महिन्यात छतावरची काच ६५ अंशांपर्यंत सहज तापते, म्हणजे शंभरातले पंधराएक तिथेच गेले. ऊन तितकंच असेल, तर थंड हवेत पॅनल जास्त वीज देतं.

कार्यशाळेत हे सांगत बसत नाहीत. बारा व्होल्टचं छोटं पॅनल उन्हात ठेवतात आणि मल्टिमीटर लावून व्होल्टचा, म्हणजे विजेच्या दाबाचा, आकडा वाचतात. (बारा व्होल्टची बॅटरी भरतं म्हणून ते नाव, मोकळं मोजलं की आकडा जास्त येतो.) सावलीतून आणल्या आणल्या २१ व्होल्टच्या आसपास. अर्धा तास तापू दिलं की तो १९ कडे घसरतो. पाठीमागे ओलं फडकं लावलं की काही मिनिटांत पुन्हा चढू लागतो. याच बैठकीत एका कोपऱ्यावर हाताची सावली धरूनही पाहतात. लहानशा सावलीनं विजेची धार किती गळपटते ते पाहिलेला मुलगा घरी जाऊन बाबांना विचारतो, ‘आपल्या टाकीची सावली पॅनलवर कधी पडते?’ हा प्रश्न सोलर बसवण्याआधी विचारला गेला तर त्या घराचे पैसे वाचतात.

## कूलर इतक्या कमी विजेत गार हवा कसा देतो?

विदर्भातल्या कार्यशाळेत हा विषय नसेल तर ती अपुरी आहे, असं मला ठामपणे वाटतं. दीड टनाचा एसी १५०० वॅट घेतो आणि खोलीचा कूलर दोनशेच्या आसपास. हा चमत्कार पाण्याचा आहे. एक लिटर पाणी वाफ होताना आजूबाजूच्या हवेतून जवळजवळ दोन तृतीयांश युनिटाइतकी उष्णता ओढून घेतं. पंखा आणि छोटा पंप एवढ्यापुरतीच वीज लागते, गारवा वाळ्याच्या ताट्यांवरून ओघळणारं पाणी देतं.

प्रयोगाला दोन थर्मामीटर पुरतात. एकाच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळायची आणि दोन्हींना वारा घालायचा. मेच्या कोरड्या दुपारी दोघांत वीसेक अंशांचा फरक पडू शकतो. जुलैतल्या पावसाळी दिवशी तोच फरक दोन-तीन अंशांवर येतो, कारण हवा आधीच ओली असते आणि चिंधीचं पाणी उडत नाही. आपल्या आजीला हे अनुभवानं माहीत होतं, म्हणून पाऊस लागला की ती ताट्या काढून ठेवायला सांगायची. मुंबईत कूलर का चालत नाही, बंद खोलीत कूलर लावला तर घुसमट का होते, खिडकी थोडी उघडी का ठेवायची, ही सगळी उत्तरं त्या दोन थर्मामीटरांत आहेत.

## आधी शिक्षकच का? थेट मुलांनाच का शिकवू नये?

मुलांची कार्यशाळा घेतली की फोटो छान येतात, मुलं खूश होतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं पूर्वपदावर येतं. शिक्षक मात्र तिथेच राहतो. त्याच्या हातून पुढची वीस वर्षं दरवर्षी नवा वर्ग जाणार असतो.

दुसरं कारण अधिक नाजूक आहे. आपल्या बहुतेक शिक्षकांनी हे प्रयोग स्वतःच्या शाळेत असताना कधी केलेले नसतात. बीएडला पाठ टाचण लिहिलं, पण तार जोडली नाही. चाळीस मुलांसमोर एलईडी लागला नाही तर काय करायचं, ही भीती खरी आहे आणि ती आदरानंच समजून घेतली पाहिजे. म्हणून चांगल्या कार्यशाळेत शिक्षकाला मुद्दाम बिघडलेली जोडणी देतात. तार उलटी लावलेली, सेल संपलेला, स्क्रू सैल. ती दुरुस्त करताना त्याला उमगतं की प्रयोग फसला तरी तास फसत नाही, उलट मुलं तेव्हाच खरी पुढे सरकून बसतात.

हा विचार नवा नाही आणि परका तर नाहीच. ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्या शेजारी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हातानं काम करत शिकण्याची ‘नई तालीम’ तिथून देशापुढे आली. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवायचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे तो वाढला आणि २००२ पर्यंत चालला. त्याचा कणा शिक्षकांचं प्रशिक्षण होता. प्रयोग आधी शिक्षक करत आणि वर्षभर मासिक बैठकांत एकत्र बसून अडचणी सोडवत. मला त्यातली ही मासिक बैठक सगळ्यांत महत्त्वाची वाटते. एका दिवसाच्या कार्यशाळेनं उत्साह येतो, पण सवय लागायला महिन्याभरानं पुन्हा भेटावं लागतं.

## ‘हे सगळं पुस्तकात आहेच की’

आहे. नववीत ‘कार्य आणि ऊर्जा’ आहे, दहावीत ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ आहे. औष्णिक केंद्राची आकृतीही आहे आणि ती मुलं सुबक काढतात. कार्यशाळा पुस्तकाच्या विरोधात नसतेच. धड्यातल्या कुठल्या परिच्छेदाशी कुठला प्रयोग जोडायचा, याचं टिपण शिक्षकानं कार्यशाळेतून घेऊन जायला हवं. ते नसेल तर प्रयोग वेगळे आणि अभ्यासक्रम वेगळा असं होतं, आणि परीक्षा जवळ आली की प्रयोगांचा बळी जातो.

## ‘वेळ आणि पैसा कुठून आणायचा?’

शिक्षकांवर कामं लादली जातात ही तक्रार खरी आहे. सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीचं काम यांत त्यांचा वेळ जातो. त्यावर आणखी एक प्रशिक्षण म्हटलं की कपाळाला आठ्या पडणारच. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार प्रत्येक शिक्षकानं वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहेच. ते तास पडद्यावरची सादरीकरणं बघण्यात घालवायचे की हातानं काम करण्यात, एवढाच निर्णय आहे. आसपासच्या शाळांचे शिक्षक जमतात त्या केंद्राच्या शिक्षण परिषदेतला अर्धा दिवसही यासाठी वापरता येईल.

पैशाचं म्हणाल तर मोटर, एलईडी, वायरी, थर्मामीटर आणि साधा मल्टिमीटर मिळून फार खर्च होत नाही, जुन्या खेळण्यांतून निम्मं सामान निघतं. थोडी महाग वस्तू म्हणजे सॉकेट आणि उपकरण यांच्यामध्ये लावायचा वॅटमीटर, हजार रुपयांच्या आसपास. तो एक असला तर पाच-सहा शाळांना आळीपाळीनं वापरता येतो.

## ‘विजेशी खेळ, धोका नाही का?’

मुलांचे सगळे प्रयोग सेलवर किंवा छोट्या पॅनलवर, फार तर वीस-बावीस व्होल्टपर्यंत. भिंतीतल्या २३० व्होल्टला मुलं हात लावत नाहीत, वॅटमीटर शिक्षकच लावतो. पाण्यानं भरलेल्या कूलरच्या लोखंडी अंगाला बसणारा शॉक दर उन्हाळ्यात विदर्भात जीव घेतो. पाणी भरण्याआधी प्लग काढणं, अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारं आरसीसीबी, हे या कार्यशाळेत शिकवलं गेलंच पाहिजे. इतर काही राहिलं तरी चालेल, हे राहता कामा नये.

## ‘कंपन्या आपली जाहिरात तर करणार नाहीत?’

रास्त शंका आहे. नागपूर हे कोळसा काढणाऱ्या वेस्टर्न कोलफिल्ड्स कंपनीचं मुख्यालय आहे, औष्णिक केंद्रं इथे आहेत आणि सोलर विकणारेही गल्लोगल्ली झाले आहेत. जो पैसे देईल त्याची बाजू मुलांच्या वहीत उतरू शकते. यावर माझी कसोटी साधी आहे: कार्यशाळेत मुलं मोजतात का, की फक्त ऐकतात? मोजणाऱ्या मुलाला कोळशाची राख दिसते आणि सूर्य मावळल्यावर शून्यावर आलेलं पॅनलही दिसतं. बॅटरी किती महाग पडते हेही त्याला कळतं.

आणखी एक. कामठी, सावनेर, उमरेडकडच्या वर्गात खाणीवर काम करणाऱ्यांची मुलं बसलेली असतात. कोळसा म्हणजे पाप अशा सुरात शिकवलं तर त्या मुलाला आपल्या बापाच्या कष्टाची लाज वाटेल. त्याच बापाच्या घामावर आपले पंखे फिरले आहेत. पुढच्या पंचवीस वर्षांत वीज कशी बदलेल, त्यात नवी कामं कोणती येतील, हे त्या मुलाशी मोकळेपणानं बोलायला हवं. हे बोलणं शिक्षकालाच जमेल, कुठल्या कंपनीच्या माणसाला नाही.

## मीटरसमोर पाच मिनिटं

कार्यशाळेतून घरी न्यायचा एक प्रयोग इथे देतो, तो कुणीही करू शकतं. वीजमीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो. शेजारी एक आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर ३२००, काहींवर वेगळा. म्हणजे एक युनिट पूर्ण व्हायला दिवा तितक्या वेळा लुकलुकतो.

घरातलं सगळं बंद करा. फ्रिजही थोडा वेळ. दिवा थांबला पाहिजे. तरी तो अधूनमधून लुकलुकत असेल तर कुठेतरी सेट टॉप बॉक्स, चार्जर किंवा इन्व्हर्टर चालू आहे. आता फक्त एक पंखा लावा आणि मिनिटभर मोजा. ३२०० च्या मीटरवर जुना पंखा मिनिटाला चारदा लुकलुकवेल, नवा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा दोन मिनिटांत जेमतेम तीनदा. कूलरला मिनिटाला दहा-अकरा. इस्त्री लावली की पन्नासच्या वर आणि एसीला ऐंशीच्या घरात, इतक्या भरभर की मोजताना तोंडात आकडे अडखळतात.

स्मार्ट मीटर जास्त रीडिंग दाखवतं का, या वादातही हाच प्रयोग कामाचा आहे. ओळखीच्या वॅटचं एखादं उपकरण लावून लुकलुकणं मोजलं की मीटर बरोबर चाललंय की नाही याचा ढोबळ अंदाज घरबसल्या येतो. तक्रार करायचीच असेल तर हातात आकडे असतात आणि आकडे घेऊन गेलेल्या ग्राहकाशी कार्यालयातला माणूसही वेगळ्या रीतीनं बोलतो.

शाळेत हेच पुढे नेता येतं. सातवी-आठवीच्या मुलांनी शाळेतले पंखे, दिवे, पंप मोजून महिन्याच्या बिलाशी ताळा जमवायचा. पहिल्यांदा तो जमत नाही, कारण मुख्याध्यापकांच्या खोलीतला वॉटर कूलर किंवा रात्रभर जळणारा हॅलोजन मोजायचा राहिलेला असतो. तो शोधून काढण्यात मुलांना विलक्षण गोडी वाटते.

शहरात मदतीच्या जागा आहेत. गांधीसागर तलावाकाठी १९९२ पासून रमण विज्ञान केंद्र आहे. महापालिका शाळांतली मुलं साध्या वस्तूंतून प्रयोग मांडतात तो अपूर्व विज्ञान मेळावा आहे, आणि तिथे आपला प्रयोग समजावून सांगणारी मुलगी पाहिली की शिक्षकाचं अर्धं प्रशिक्षण तिथेच होतं. ज्या शाळांना यंदा सुरुवात करायची आहे त्यांनी दिवाळीनंतरचे महिने धरावेत. हवा कोरडी, ऊन स्वच्छ, मुलांना अंगणात बसवता येतं, आणि १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन येतो, तेव्हा भाषणाऐवजी मुलांनी काढलेला शाळेच्या बिलाचा ताळा पालकांसमोर मांडता येईल. मार्चपासून सकाळच्या शाळा सुरू होतात आणि परीक्षांची धांदल लागते. ओल्या चिंधीचा थर्मामीटर मात्र मेसाठी राखून ठेवायचा, तो मुलांनी सुट्टीत घरीच करायचा आणि शाळा उघडल्यावर जूनअखेरीच्या ओल्या हवेत पुन्हा करून वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायचे.